लिव्हिंगस्टोनी आडवा पडलाय? औषध घालण्याआधी हे तपासा

"तळाला आडवा पडलाय, अंगावर मळकट डाग आलेत, हलत नाही. काचेवर टिचकी मारली की उठून पळतो आणि अर्ध्या तासात परत आडवा. औषध कुठलं घालू?"

लिव्हिंगस्टोनी हा मासा टाकीत पाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो, आणि विचारेपर्यंत बरेचदा काहीतरी औषध घालूनही बसलेला असतो. मीही घातलं होतं. म्हणून उत्तर आधी सांगतो. श्वास शांत असेल आणि खायला टाकल्यावर उठत असेल, तर मासा आजारी नाही, शिकारीला बसलाय. त्याला तसाच राहू द्या. श्वास जोरात चालला असेल तर औषधाची बाटली बाजूला ठेवून आधी पाणी तपासायचं किट काढा. आणि हेच दुखणं दर पावसाळ्यात परत येत असेल तर खाली केएचबद्दल, म्हणजे पाण्यातल्या आम्ल झेलणाऱ्या साठ्याबद्दल, लिहिलंय ते नीट वाचा, कारण माझे तीन पावसाळे तेच न कळल्यामुळे गेले.

माझी टाकी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात, पुढच्या खोलीत आहे. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू, दगड वगळता साधारण २८० लिटर पाणी बसतं. पहिला लिव्हिंगस्टोनी आणला तेव्हा जेमतेम अडीच इंचाचा होता. चौथ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली, "आरं, तुझा तो चट्ट्यापट्ट्याचा मेला बघ." बघतो तर खरंच वाळूवर कुशीवर पडलेला, एक डोळा वाळूत, एक छताकडं. मी जाळी घेऊन पाण्यात हात घातला आणि गडी ताडकन उठून फिल्टरमागं. दुपारी परत तेच. दुकानात विचारलं तर मूठभर मीठ आणि निळं औषध घालायला सांगितलं. निळं म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. टाकीची शाईची दौत झाली. फिल्टरच्या स्पंजमधले उपयोगी जिवाणू मेले, आणि आठवडाभरात अमोनिया वाढून जे मासे ठणठणीत होते तेही पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आजार मी आणला. मासा बिचारा आपलं काम करत होता.

त्याचं काम काय ते कळलं की निम्मी काळजी मिटते. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा मासा. सुमारे ५८० किलोमीटर लांब, ७०० मीटरपर्यंत खोल असं ते पाणी. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५९ साली तिथं पोचला, त्याचंच नाव माशाला मिळालं. तिथले लोक मात्र त्याला कालिगोनो म्हणतात, म्हणजे झोपाळू. सिक्लिड घराण्यातला. सिक्लिड म्हटलं की लोकांना काहीतरी परदेशी, महागडं वाटतं, पण बाजारात किलोवर मिळणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच. मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळायची सवयही दोघांची सारखीच. फरक एवढाच की चिलापी मिळेल ते खाते आणि हा मासे खातो.

खायची पद्धत अशी: उघड्या वाळूवर जाऊन कुशीवर पडायचं. पांढुरक्या अंगावरचे तपकिरी चट्टे अशा वेळी कडेनं विरघळल्यासारखे दिसतात आणि सगळा मासा कुजायला लागलेल्या मढ्यासारखा दिसतो. सरोवरातले लहान मासे मेलेलं टोचून खायला जवळ येतात. त्यातला एखादा तोंडाच्या टप्प्यात आला की हा पडल्या पडल्याच मान फिरवल्यासारखा झटका देतो आणि घास घेतो. केनेथ मॅके या जीवशास्त्रज्ञानं हे सरोवरातच पाहून १९८१ साली लिहिलं. तेव्हा या माशाची गणना हॅप्लोक्रोमिस वंशात होत होती.

मी ते घरात पाहिलं त्या दिवशी लाईट गेली होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात टाकी अर्धवट दिसत होती. यलो लॅब या पिवळ्या सिक्लिडची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, दगडाच्या फटीतून बाहेर आली. लिव्हिंगस्टोनी वाळूवर पडलेला. शेपटीचा पर दुमडलेला, कल्ले हलतायत की नाही ते नाक काचेला लावल्यावरच कळत होतं. एक पिल्लू त्याच्या पोटाशी गेलं, एकदा टोचलं, मागं सरलं. मग दुसरीकडून येऊन गालाशी टोचलं. मला फक्त वाळूचा एक लहानसा ढग दिसला. ढग खाली बसला तेव्हा मासा होता तसाच पडलेला, गळ्याजवळ किंचित फुगीर. पिल्लू नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "सोंगाडं हाय की." त्या दिवसापासून घरात त्याचं नाव सोंगाड्याच आहे.

"मासे एकेक करून गायब होतायत, प्रेत पण सापडत नाही" ही जी जोडतक्रार असते, तिचं उत्तरही यातच आलं. कुणी चोरत नाही, कुणी उडी मारत नाही. हा मासा पूर्ण वाढला की आठ-दहा इंचांचा होतो आणि तोंडात मावेल ते सगळं त्याचं. त्याच्या निम्म्याहून लहान काहीही बरोबर ठेवू नका. दोन इंचाचं गोंडस पिल्लू बघून निऑन टेट्रासारख्या इवल्या माशांच्या टाकीत सोडणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

आता खरं आजारपण आणि सोंग यातला फरक.

सोंग उघड्यावर असतं. वाळूचा मोकळा पट्टा, समोर लहान मासे, आणि हा मधोमध. आजारी मासा कोपरा शोधतो, हीटरला किंवा फिल्टरच्या नळीला टेकून राहतो, नाहीतर पृष्ठभागाजवळ तिरका लटकतो. सोंगात डोळा फिरत असतो. तुम्ही खोलीत आलात की तो तुमच्याकडं वळतो. आजाऱ्याचा डोळा कशामागं जात नाही. सगळ्यात पक्की खूण श्वासाची. तुमचा मासा चांगला असताना एकदा मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजून ठेवा. सोंगाड्याची सत्तरच्या आसपास भरते, पडून राहिला की त्याहून कमी. खऱ्या आजारपणात मला १३० च्या पुढं मोजताच आली नव्हती. आणि शेवटी कोळंबीचा तुकडा: तो पाण्यात पडला की सोंग संपतं. तोंडात घेऊन थुंकत असेल, दोन दिवस असंच चाललं असेल, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येत असेल, तर मात्र काळजीचं कारण आहे. पोट फुगायच्या आत लक्षात आलं तर मेट्रोनिडाझोल या औषधाचा उपयोग होतो, फुगल्यावर मासे क्वचितच वाचतात. आफ्रिकन सिक्लिडमध्ये याला मलावी ब्लोट म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा खराब पाणी, मारामारीचा ताण किंवा चुकीचं खाणं असतं.

खाण्याचं सांगून टाकतो, कारण आपल्या गावात हा मुद्दा जास्तच लागू आहे. शिकारी मासा म्हटला की लोक चिकनची कलेजी, हृदय, मटणाचे तुकडे घालतात. आमच्याकडं एक पाहुणे तर गमतीनं म्हणाले, पांढऱ्या रश्श्याचे दोन थेंब घाला, कोल्हापूरचा मासा आहे. कोंबडी-बकऱ्याची चरबी या माशांना पचत नाही. सोललेली कोळंबी, समुद्री माशाचे बिनकाट्याचे तुकडे, चांगल्या प्रतीच्या पेलेट्स, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. दुकानातून आणलेले जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश घालू नका; आजार बरोबर घेऊन येतात, शिवाय गोल्डफिशमधल्या थायमिनेजमुळं सतत तेच खाणाऱ्या माशाला बी१ जीवनसत्त्व कमी पडतं.

आता दर पावसाळ्याचं दुखणं. तीन वर्षं माझ्याकडं आषाढ-श्रावणात मासे खरोखर आडवे पडले. दर वेळी वेगळं कारण शोधलं: थंडी, खाणं, नवीन आणलेला मासा, एकदा तर देवघरातली उदबत्ती. तिसऱ्या वर्षी मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला तारखा लिहायला सुरुवात केली. पाणी कधी बदललं, किती, कुठलं, मासे कधी पडले. दोन महिन्यांनी तो कागद समोर धरला तेव्हा चूक सरळ दिसत होती.

उन्हाळ्यात नळाचं पाणी माशांना घालायला आई देत नाही, म्हणून मी बोअरचं वापरायचो. पावसाळ्यात बोअरला लालसर गढूळ पाणी येतं, म्हणून नळाचं. माझ्या किटवर बोअरच्या पाण्याचा केएच १४ येतो, नळाच्या पाण्याचा ३. पावसाचं पाणी सह्याद्रीवरून नदीत, नदीतून नळात. त्यात क्षार जमायला वेळच मिळत नाही. पिण्यासाठी, डाळ शिजायला उत्तम. मलावीच्या माशाला मात्र नाही. त्या सरोवरातून बाहेर पडणारी नदी एकच, शिरे. बाकीचं बरंचसं पाणी उन्हानं वाफ होऊन जातं आणि क्षार मागं राहतात. पीएच ७.७ ते ८.८, आणि वर्षानुवर्षं तसाच. तिथल्या माशाला बदलाची सवयच नाही.

केएच म्हणजे पाण्यातला आम्ल झेलणारा साठा. मासा अमोनिया सोडतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि हे करताना आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागं सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. कोळंबीवर वाढलेला नऊ इंची मासा किती अमोनिया सोडत असेल विचार करा. उन्हाळ्यात साठा भरपूर, म्हणून काही कळत नाही. पावसाळ्यात मी केएच ३ चं पाणी घालत गेलो, फिल्टर तो खात गेला. आषाढाच्या शेवटी एकदा केएचचं किट वापरलं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, निळं पाणी पिवळं होईपर्यंत. जितके थेंब तितका केएच. पहिल्या थेंबालाच पिवळं. निळं झालंच नाही. मला वाटलं किट खराब झालं, म्हणून नळाचं पाणी घेऊन पाहिलं, ते तिसऱ्या थेंबाला बरोबर पिवळं झालं.

साठा संपला की पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास थांबतात, आणि अमोनिया साचायला लागतो. गंमत अशी की तेव्हा मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया अमोनियमच्या कमी घातक रूपात असतो. पीएच ७ आणि तापमान २६ अंश असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्काच विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाण्यातला अमोनिया तेवढाच, विष दहापट. आणि ही दहापट आपण स्वतः करतो, पाणी बदलून.

माझ्याकडं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये झालं. महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराला चहूबाजूनी पाणी आणि नळ कोरडे. नऊ दिवस मी टाकीचं पाणी बदललं नाही, माणसांनाच नव्हतं. खायला मात्र घालत राहिलो, ती चूक. दहाव्या दिवशी शेजारच्या काकांचं बोअर सुरू झालं, त्यांनी दिलदारपणे "ने रे, तुझ्या माशांना पण ने" म्हटलं, आणि मी बादल्या वाहून एका दमात निम्मी टाकी बदलली. स्वच्छ, नितळ पाणी. पुण्य केल्यासारखं वाटत होतं. पीएच सहावरून पावणेआठच्या घरात गेला. संध्याकाळी सातला सोंगाड्या आडवा. आईनं लांबूनच बघून म्हटलं, "झोपलाय." पण तो उघड्या वाळूवर नव्हता, फिल्टरच्या नळीखाली होता, आणि कल्ले लोहाराच्या भात्यासारखे चालले होते. रात्रीत दोन पीकॉक सिक्लिड गेले. तो वाचला, बहुतेक अंगानं मोठा होता म्हणून.

तेव्हा कळलं नव्हतं, पण अशा वेळी काय करायचं ते आता पक्कं सांगू शकतो. खाणं ताबडतोब बंद. एअर पंप पूर्ण जोरात, असतील तेवढे एअर स्टोन टाकीत. पीएच आणि अमोनिया दोन्ही मोजा. पीएच कमी आणि अमोनिया जास्त असेल, तर आत्ता पीएच वाढवायचा नाही, हे पाचदा वाचा. सोडा नको, बोअरचं पाणी नको. क्लोरीन घालवलेलं नळाचं मऊ पाणी दहा-दहा टक्के, सकाळ-संध्याकाळ, अमोनिया उतरेपर्यंत. क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात खड्यांच्या रूपात मिळतं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला वास जास्त येत असेल त्या दिवशी नुसतं बादलीत रात्रभर ठेवण्यावर विसंबू नका. अमोनिया शून्याजवळ आला की मग केएच सावकाश वर न्यायचा.

केएच वाढवायला महागडा बफर लागत नाही. खायचा सोडा पुरतो. १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम सोडा घातला की केएच साधारण एकानं वाढतो. माझ्या २८० लिटरला एका अंशासाठी आठ-साडेआठ ग्रॅम लागतात. दिवसाला एक अंश, फार तर दोन. मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात हळूहळू ओतायचा. मलावीसाठी मी ७ ते ८ वर थांबतो. इथं स्वयंपाकघरातला एक घोळ नक्की टाळा: बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. पापडखार वेगळा. आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नको, त्यानं पीएच झटक्यात वर जातो. डब्यावर नाव लिहिलेलं नसेल तर नवीन पुडी आणा. आमच्या घरी तिन्ही पांढऱ्या पुडी एकाच फळीवर असतात, म्हणून मी माझा डबा टाकीखाली ठेवतो.

सोडा हा रोजचा खर्च झाला. शिल्लक हवी असेल तर फिल्टरमध्ये संगमरवराचे तुकडे किंवा कोरल ठेवा. फरशीवाल्याकडं संगमरवराच्या कपच्या फुकट मिळतात. पॉलिश, मेण, सिमेंट लागलेल्या नकोत. लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर तो दगड चुन्याचा. कडप्पा आणि शहाबादीही चुनखडकच, लिंबानं तेही थोडे फसफसतात. आपला काळा दगड फसफसत नाही, केएच वाढवत नाही, पण गुहा रचायला झकास. संगमरवर अतिशय हळू विरघळतो आणि पाणी आम्लधर्मी व्हायला लागल्यावरच खरा कामाला येतो, त्यामुळं त्याच्या भरवशावर किट गुंडाळून ठेवू नका.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं, तेव्हा मला आशा होती की आता आकडे बदलतील. माझ्या नळाला केएच तीनचाच येतो. तुमच्या भागात वेगळा असू शकेल, मोजून बघा. मोजायची वेळ आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. मी रविवारी मोजतो, मटण शिजेपर्यंत होऊन जातं. पाणी बदलायचं ते वीस-पंचवीस टक्के, दर आठवड्याला; महिन्यातून एकदा निम्मं बदलणारे लोक हमखास माझ्या २०१९ मध्ये जाऊन पोचतात.

उरलेली दोन-तीन कारणं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसेल तर टाकी २१-२२ अंशांवर उतरते आणि मासा सुस्तावतो, २५-२६ ठेवा. लाईट चार-पाच तासांहून जास्त गेली तर कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याच्या, फिल्टरमधलं कुजलेलं पाणी फेकूनच तो परत चालू करा, आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. पर फाटलेले, कोपऱ्यात दबकून बसलेला मासा दिसला तर पाण्यात खोट नाही, दुसरा नर त्याला मारतोय. एका नराबरोबर दोन-तीन माद्या, पाच फुटांहून लहान टाकी नको.

परवा रात्री सोंगाड्या परत पडला. वाळूच्या मोकळ्या पट्ट्यात, डोळा माझ्यावर. तरीही किट काढलं. सातव्या थेंबाला पिवळं. कल्ले मोजले, चौसष्ट. टाकीचा दिवा बंद करून झोपलो. सकाळी यलो लॅबची पिल्लं मोजली. अकरा होती, नऊ राहिलीत.